साडेसत्तावीस मिलिमीटर हवा

उन्हाळ्याच्या दुपारी करमाळ्यात खोली काळोखी करणं हा काही प्रयोग नव्हे, ते रोजचंच. खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, एक दार तेवढं उघडं ठेवायचं. अशा खोलीत दारासमोरच्या भिंतीपाशी उभे राहा. एका हातात कोरा कागद घ्या आणि दुसऱ्या हातात एखाद्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स. कॅमेरा नको, नुसती लेन्स. तिचं छिद्र पूर्ण उघडा, अंतराची रिंग ∞ या खुणेवर न्या, तोंड दाराकडे करा आणि मागच्या बाजूनं कागद हळूहळू जवळ आणा. आधी नुसता उजेडाचा डाग दिसतो. मग एका क्षणी कागदावर अंगणातला लिंब उमटतो. उलटा, पण रंगासकट आणि पानं हलतायत तसा. शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी खाली लटकलेली दिसते, आणि रस्त्यानं उजवीकडे गेलेली मोटारसायकल कागदावर डावीकडे निघून जाते.

या क्षणी कागद जागेवर धरून ठेवा आणि कुणाला तरी पट्टी लावायला सांगा. लेन्स एम४२ जातीची असेल, तर तिच्या मागच्या आट्यांपाशी जी सपाट कड कॅमेऱ्याला टेकते, तिथपासून कागदापर्यंतचं अंतर साडेपंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास भरेल. कारखान्याचा आकडा ४५.४६ आहे. कितीतरी दशकांपूर्वी कुठल्याशा कारखान्यात ठरलेलं माप घरातल्या शाळकरी पट्टीनं जुळतं.

जुन्या लेन्सचं सगळं नवल मला या कागदावर दिसतं. चित्र कॅमेरा काढतच नाही. चित्र लेन्सच्या मागे हवेत आधीच तयार असतं, झेलायला तिथं कुणी असो वा नसो. त्या जागी फिल्म ठेवली की फिल्मवर उमटेल, सेन्सर ठेवला की सेन्सरवर. लेन्सला त्यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. एकोणीसशे पंचाहत्तरच्या काचेला दोन हजार वीसच्या सिलिकॉनशी जुळवून घ्यायचं, तर बाकी कशाची नव्हे, अंतराची गाठ घालायची.

असल्या लेन्सा आपल्याकडे येतात कुठून? तालुक्याच्या गावांत एकेकाळी स्टुडिओवाल्यांकडे यशिका, पेंटॅक्स, झेनिट असे कॅमेरे असायचे. लग्नं त्यांच्यावर निघाली. मग डिजिटल आलं, पुढं मोबाइल आला, आणि कॅमेरे कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारीवर अजूनही लेन्सा दिसतात. मुंबईच्या चोर बाजारात त्यांना जरा जास्तच भाव आहे. या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत सहज भेटणारी आणि सर्वांत जास्त गाजलेली लेन्स म्हणजे सोव्हिएत ‘हेलिओस ४४-२’. झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी, ५८ मिलिमीटरची, एफ २ पर्यंत उघडणारी. नंबराचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा तिचं जन्मसाल सांगतात. वजनाला दणकट, रूपाला राकट. तिचा मूळ आराखडा जर्मनीत झाइसनं काढलेल्या ‘बायोटार’चा, युद्धानंतर तो रशियात गेला आणि तिथल्या कारखान्यांनी त्याच्या लाखोंनी प्रती काढल्या.

एम४२ म्हणजे बेचाळीस मिलिमीटर व्यासाचे साधे आटे, एक मिलिमीटर अंतरानं पाडलेले. नळाची तोटी बसवतो तशी लेन्स फिरवून बसवायची. आत ना तार, ना चिप, ना मोटर. जर्मन, जपानी, रशियन अशा कितीतरी कारखान्यांनी हेच आटे वापरले, म्हणून त्या काळच्या लेन्सा एकमेकांच्या कॅमेऱ्यांना चालायच्या. पुढं प्रत्येक कंपनीनं आपापलं वेगळं तोंड केलं आणि ग्राहकाला बांधून घेतलं.

आता ते ४५.४६ मिलिमीटर कशासाठी, ते पाहू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधोमध तिरपा आरसा असायचा. लेन्समधून आलेला उजेड वर वळवून तो डोळ्यापर्यंत न्यायचा आणि बटण दाबलं की खटकन वर जायचा. त्या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसवावी लागे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवायच्या तोंडात, हे अंतर ४६.५ मिलिमीटर, एम४२ आणि पेंटॅक्समध्ये ४५.४६, जुन्या कॅनन एफडीमध्ये ४२. या लेन्सांचं सगळं गणित त्या आरशाला वाट देण्यासाठी मांडलेलं.

२००८ साली पॅनासॉनिकनं जी१ आणला. डिजिटल कॅमेऱ्यातून आरसा गेला. दृश्य सेन्सरच वाचणार आणि छोट्या पडद्यावर दाखवणार, मग आरसा हवा कशाला? २०१३ साली सोनीच्या ए७ मध्ये तर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर आला. आरसा गेल्यावर लेन्स मागे सरकली. सोनीच्या माउंटपासून सेन्सर फक्त १८ मिलिमीटरवर आहे, निकॉनच्या नव्या झेड माउंटमध्ये १६, कॅननच्या आरएफमध्ये २०.

वजाबाकी करा. ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६. साडेसत्तावीस मिलिमीटर जागा रिकामी झाली. बाजारात अॅडॉप्टर म्हणून जे विकतात ते एवढंच असतं: साडेसत्तावीस मिलिमीटर लांबीची धातूची नळी, एका बाजूला एम४२ चे आटे, दुसऱ्या बाजूला सोनीचं तोंड, मध्ये हवा. काच नाही. पहिल्यांदा हातात घेणारा हटकून तिच्यातून आरपार बघतो आणि दुकानदाराकडे संशयानं पाहतो, की पैसे कशाचे? पैसे त्या लांबीचे. कारण ही लांबी जरा इकडची तिकडे झाली तर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे.

समजा, तुमच्याकडे आरशाचा निकॉन डीएसएलआर आहे आणि त्यालाच हेलिओस लावायची आहे. निकॉनला अंतर लागतं ४६.५ आणि लेन्सला हवं ४५.४६. म्हणजे कितीही पातळ कडं केलं तरी लेन्स जागेपेक्षा एक मिलिमीटर आणि चार शतांश पुढंच राहणार. एक मिलिमीटरनं काय बिघडतं? नाभीय अंतराचा वर्ग करा आणि त्या जास्तीच्या अंतरानं भागा: ५८ गुणिले ५८ म्हणजे ३,३६४; भागिले १.०४, उत्तर सुमारे ३,२३५ मिलिमीटर. त्यात लेन्सचे स्वतःचे ५८ मिळवले की लेन्सपुढचं अंतर साधारण सव्वातीन मीटर येतं. त्यापलीकडचं काहीच स्पष्ट येणार नाही. मांडीवरचं मूल येईल, ओसरीपलीकडची गोठ्यातली म्हैस येणार नाही. एका मिलिमीटरनं लेन्सला जवळची दृष्टी लागते. कॅननच्या डीएसएलआरला मात्र हीच लेन्स मजेत चालते, कारण तिथं अंतर ४४ आहे आणि दीड मिलिमीटरचं कडं बसायला जागा उरते. कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला यावर लोक तासन्‌तास भांडतात. जुन्या लेन्सापुरता निकाल या अडीच मिलिमीटरमध्ये लागला.

याच गणिताला उलटं धरलं की मला अधिक आवडणारी गोष्ट हाती लागते. हेलिओस सेन्सरपासून अर्ध्या मीटरवरच्या वस्तूपासून अनंतापर्यंत फोकस करते. त्यासाठी तिच्या पोटातल्या काचा पुढं-मागं किती हलतात? अवघ्या नऊ मिलिमीटर. आणि त्यातले बहुतेक सगळे मिलिमीटर जवळच्या दोन-तीन मीटरांतच खर्च होतात. दहा मीटरवरच्या माणसापासून चंद्रापर्यंत जायला लेन्सला लागतो मिलिमीटरचा एक तृतीयांश भाग. रिंग फिरवताना बोटाला जाणवेल न जाणवेल एवढ्या हालचालीत करमाळ्याच्या देवीच्या माळावरचं कमलाभवानीचं देऊळ, तिथून किल्ल्याची तटबंदी, तिच्यामागचं क्षितिज आणि वरचे तारे, सगळे येऊन जातात. काचेच्या लेखी दहा मीटरपलीकडचं जग जवळजवळ एकाच जागी आहे.

म्हणून अॅडॉप्टरच्या लांबीतली शतांश मिलिमीटरची चूकसुद्धा दूरच्या डोंगराला भोवते. नळी पाच शतांश मिलिमीटर लांब झाली, तर सदुसष्ट मीटरपलीकडचं दृश्य मऊ पडतं. हे टाळायला बरेचसे अॅडॉप्टरवाले नळी मुद्दाम केसभर आखूड करतात. मग लेन्सची रिंग ∞ च्या खुणेवर पोचण्याआधीच डोंगर स्पष्ट होतो आणि रिंग तरी आणखी थोडी फिरते. अनंताच्याही पुढं! तिथं काय दिसतं म्हणाल, तर सगळंच पुसट. पण स्वस्त अॅडॉप्टर लावून अनंत ओलांडता येतो, ही गोष्ट मला वेदांत्यांना सांगावीशी वाटते.

आता नळी बसली, लेन्स बसली. कॅमेरा चालू केला की तो म्हणतो, लेन्स नाही. खरंच आहे त्याचं. त्याची आणि लेन्सची भेट विजेच्या टोकांनी होते आणि इथं टोकंच नाहीत. मेन्यूत शिरून ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ असं त्याला एकदा सांगावं लागतं. फोटोच्या माहितीत पुढं छिद्राच्या जागी शून्य किंवा नुसती रेघ येते. कॅमेऱ्यात हलणाऱ्या हाताला सावरणारी यंत्रणा असेल, तर तिला ‘५८’ हा आकडाही हातानं भरून द्यावा लागतो. एवढं केलं की ती निमूटपणे सेन्सर हलवत राहते, आणि अशी सोय स्वप्नातही नसलेल्या काळातली लेन्स संध्याकाळच्या मंद उजेडात स्थिर चित्र देते.

फोकस अर्थात हातानं. आणि इथं नव्या कॅमेऱ्यानं जुन्या लेन्सचं जेवढं भलं केलं, तेवढं तिच्या जन्मदात्या कॅमेऱ्यानंही केलं नव्हतं. झेनिटच्या अंधाऱ्या काचेत डोळे ताणून फोकस करायचा आणि फिल्म धुऊन येईपर्यंत देवावर भार टाकायचा, अशी तऱ्हा होती. आता बटण दाबलं की चित्राचा तुकडा पाचपट-दहापट मोठा होऊन समोर येतो. शिवाय फोकस पीकिंग आहे. शेजारशेजारच्या बिंदूंच्या उजेडात जिथं एकदम मोठा फरक पडतो ती कड स्पष्ट, असं धरून कॅमेरा त्या कडांवर लाल रंगाची रेघ मारतो.

हे पाहायला कमलाभवानीच्या मंदिराजवळची विहीर छान. मंदिर राव रंभा निंबाळकरांनी १७२७ साली बांधलं. गोपुरं दक्षिणेच्या वळणाची, पुढं दीपमाळा आणि जवळच शहाण्णव पायऱ्यांची ही दगडी विहीर. वरच्या पायरीशी बसा, छिद्र एफ २ वर ठेवा, पीकिंग चालू करा आणि जवळून लांब अशी रिंग फिरवा. लाल पट्टा एकेक पायरी उतरायला लागतो. दोन मीटरवरची पायरी लाल होते तेव्हा पट्टा एका पायरीचीही रुंदी व्यापत नाही. हिशेबानं स्पष्टतेची जाडी तिथं चौदा सेंटिमीटर भरते. पाच मीटरवर ती नव्वद सेंटिमीटरच्या घरात जाते; फूटभर रुंदीची पायरी धरली तर तीन पायऱ्या एकदम लाल. दहा मीटरवर पट्टा पसरून साडेतीन मीटरांचा होतो. अंतर दुप्पट केलं की खोली चौपट. पुस्तकात हे सूत्र असतं आणि परीक्षेनंतर विसरतं. इथं अठराव्या शतकातल्या गवंड्यांनी घडवलेली पट्टी आहे आणि तिच्यावरून सूत्र चालत खाली जाताना दिसतं. स्वयंचलित फोकसवाला कॅमेरा हे कधी दाखवत नाही, कारण तो थेट मुक्कामी पोचतो, वाटेत थांबत नाही.

छिद्राची रिंगही बोटाला काहीतरी शिकवते. तिच्यावरचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कुणीतरी लहरीनं लिहिल्यासारखे वाटतात. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दोनाच्या वर्गमुळाएवढ्या पटीत आहे, म्हणजे प्रत्येक पायरीला छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं. ५८ ला २ नं भागा: एफ २ ला उघडं तोंड २९ मिलिमीटर. १६ नं भागा: साडेतीन मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत उजेड चौसष्टपट कमी होतो. लेन्स हातात धरून तिच्यातून पाहिलं तर आठ पात्या एकमेकींवर सरकत मिटताना दिसतात. हेलिओस ४४-२ मध्ये ही रिंग टिकटिक न करता सरळ फिरते. बऱ्याच जणांना ते गैरसोयीचं वाटतं. व्हिडिओ काढणाऱ्यांना मात्र तेच हवं असतं.

या पात्यांचा आकार फोटोत थेट उमटतो, आणि त्याचा पुरावा आपल्या पत्र्याच्या घरांत रोज पडतो. पत्र्याला खिळ्याचं भोक असलं की जमिनीवर कवडसा गोल पडतो, भोक वेडंवाकडं असलं तरीही. कारण तो भोकाचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे पडले होते. भोक मोठं करत नेलं आणि जमीन जवळ आणली की मात्र कवडसा भोकाचा आकार घ्यायला लागतो. लेन्सच्या मागे नेमकं हे दोन्ही घडतं. फोकसमध्ये असलेल्या बिंदूची प्रतिमा बिंदूच पडते. फोकसबाहेरच्या बिंदूचा कवडसा पडतो आणि त्याला छिद्राचा आकार येतो. छिद्र पूर्ण उघडं असलं तर गोल. जरा मिटलं की अष्टकोन. माणूस दोन मीटरवर उभा आहे आणि मागं दूरवर दिवा आहे, तर एफ २ ला त्या दिव्याचा कवडसा सेन्सरवर ०.८७ मिलिमीटरचा पडतो, चौकटीच्या रुंदीच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा. पार्श्वभूमी पुसट होते असं आपण म्हणतो. वास्तविक ती असल्या हजारो कवडशांनी भरून जाते.

हेलिओस गाजली ती याच कवडशांच्या एका खोडीमुळे. चौकटीच्या मधले कवडसे गोल, पण कडेचे चपटे होतात आणि मध्याभोवती वळसा घेत मांडले जातात. माणसामागं लिंबाचा किंवा बाभळीचा पाला असेल आणि पानांच्या फटीतून आभाळ दिसत असेल, तर सगळा पाला भोवऱ्यासारखा गरगरतो. कारण साधं आहे. कडेवरून तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळकांड्याच्या पुढच्या आणि मागच्या काठांनी छाटला जातो. गोल छिद्राचे दोन्ही बाजूंनी तुकडे उडतात, मध्ये मांजराच्या डोळ्यासारखी फट उरते, आणि प्रत्येक फट मध्याशी काटकोनात. एफ ४ ला छिद्रच लहान होतं, काठ आड येत नाहीत आणि भोवरा थांबतो. आजच्या लेन्सांत हा दोष बराचसा काढून टाकलाय. म्हणून तो दोष असलेल्या लेन्सा आता मुद्दाम शोधतात. मला यात थोडी गंमत वाटते आणि थोडा कंटाळाही. समाजमाध्यमांवर माणसामागं पाला फिरवलेले फोटो इतके झालेत की चेहरा कुणाचा होता तेच ध्यानात राहत नाही. एफ ५.६ ला हीच लेन्स किती स्वच्छ, नेटकं चित्र देते, ते फारसं कुणी सांगत नाही.

जुन्या लेन्सच्या पाठीवर आणखी एक कोष्टक कोरलेलं असतं, जे आजच्या बहुतेक लेन्सांवरून गायब झालंय. अंतराच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना छिद्राचे आकडे जोडीजोडीनं असतात: ८ इकडं, ८ तिकडं, १६ इकडं, १६ तिकडं. २८ मिलिमीटरची लेन्स घ्या, छिद्र ८ वर ठेवा, अनंताची खूण एका बाजूच्या ८ वर आणा. दुसऱ्या बाजूचा ८ साधारण १.६ मीटरवर येईल. झालं. दीड-पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. आता आठवडी बाजारात शिरा आणि फोकसकडे ढुंकूनही पाहू नका. ज्वारीच्या पोत्यांमागं मापाडी, कांद्याच्या ढिगाशी घासाघीस, पाटीतली कोंबडी. कॅमेरा वर केला की फोटो. जगातला कुठलाही स्वयंचलित फोकस याहून जलद नाही, कारण इथं फोकस करायचाच नाही.

पण या कोष्टकावर आज डोळे झाकून विसंबू नये. ते फिल्मच्या काळात, ठरावीक आकाराची छापील प्रत हातभर लांबून पाहणाऱ्या डोळ्यासाठी केलं होतं. ०.०३ मिलिमीटरपेक्षा लहान डाग डोळ्याला बिंदूच वाटतो, असं त्यात धरलंय. चोवीस मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. म्हणजे कोष्टक ज्याला बिंदू म्हणतं तो पाच पिक्सेल रुंद आहे. संगणकावर फोटो मोठा करून पाहणाऱ्याला तो डाग दिसणारच. इलाज सोपा: छिद्र ८ वर ठेवायचं आणि कोष्टक ५.६ किंवा ४ च्या खुणांवर वाचायचं. आपला हावरेपणा वाढला, लेन्स तीच आहे.

मंदिरापुढच्या दीपमाळा पेटल्या असताना फोटो काढला, तर जुन्या लेन्सची आणखी एक बाजू कळते. ज्योतींच्या आसपास दुधाळ झाक पसरते, काळोखात हिरवट-जांभळे ठिपके तरंगतात. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. हेलिओसमध्ये सहा काचा चार गटांत बसवल्यात. म्हणजे हवेला भिडणारे पृष्ठभाग आठ. लेप नसता तर आठ वेळा चार-चार टक्के गळून शंभरातला बहात्तर उजेड पोचला असता. उरलेला अठ्ठावीस नुसता वाया जात नाही, त्यातला काही आतल्या आत आपटून चित्रावर धुकं धरतो. या आराखड्याचा पूर्वज, झाइसच्या पॉल रुडॉल्फचा ‘प्लॅनार’, १८९६ सालचा. उत्तम रचना, पण याच धुक्यानं मागं पडली. सहाच पृष्ठभागांची ‘टेसार’ १९०२ साली आली आणि तिनं बाजार मारला. प्लॅनारच्या वंशाला खरे दिवस आले ते लेपामुळे. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर निर्वात जागेत अतिपातळ लेप चढवायची रीत शोधली. जाडी मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढी, उजेडाच्या लाटेच्या पाव. लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि तो उजेड पुढं जातो. जुनी लेन्स तिरकी धरली की काचेत जो निळसर-जांभळा रंग खेळतो, तो हा लेप.

पण त्याच्याही आधीची हकिगत जास्त सुंदर आहे. इंग्लंडात लेन्सा बनवणाऱ्या डेनिस टेलर यांना १८९० च्या दशकात आढळलं की हवेनं डागाळलेल्या जुन्या काचा नव्या कोऱ्या काचेपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. डाग म्हणजे खराबी असं सगळे धरून चालले होते. काळानं चढवलेला तो पातळ थर कारखान्यातल्या लेपाचंच काम करत होता, लेपाचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षं आधी.

काही लेन्सांचं वय मात्र वेगळ्याच घड्याळावर चालतं. आसाही पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ लेन्सच्या एका आवृत्तीत आणि त्या काळच्या आणखी काही लेन्सांत काचेमध्ये थोरियम ऑक्साइड मिसळलेलं असे. उजेड जास्त वाकवते पण रंग कमी फोडते, अशी काच त्यानं मिळायची. थोरियम किरणोत्सर्गी; त्याचं अर्धं आयुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या बरोबरीचं. त्याच्या किरणांनी काचेच्या जाळीत बारीक खोट तयार होते आणि वर्षानुवर्षांनी काच चहासारखी पिवळी पडते. यावर औषध म्हणजे अतिनील किरण. उन्हात ठेवलं की पिवळेपणा हळूहळू उतरतो, आणि करमाळ्यात ऊन विकत घ्यावं लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. तापलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं, आणि उघडं भिंग गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांच्या कापडाला भोक पाडू शकतं. सकाळचं कोवळं ऊन आणि भरपूर धीर, एवढं पुरे. फोटो काढण्यापुरता हा किरणोत्सर्ग घाबरण्यासारखा नाही. लेन्स उशाशी घेऊन झोपू नये, आणि फोडून घासू तर मुळीच नये.

हवेच्या बाबतीतही आपला तालुका लेन्सांना मानवतो. कोकणात किंवा मुंबईत पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी हटकून सापडते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात आणि त्यांच्यातून पाझरणारी आम्लं लेप खाऊन टाकतात. बुरशी पुसता येते, खाल्लेला लेप परत येत नाही. करमाळा पर्जन्यछायेत. पिकाला जे नडतं, ते लेन्सला पोषक. इथल्या कपाटातली लेन्स बहुधा बुरशीशिवाय निघते, पण रिंग जाम झालेली असते, कारण ग्रीस सुकून घट्ट होतं. आणि धूळ तर असतेच. आतली धूळ चित्रात दिसत नाही, तिचं मनाला लावून घेऊ नका. घेताना मोबाइलची बॅटरी एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं पाहावं. जाळं दिसलं तर पुढं चालावं, धूळ दिसली तर भाव पाडून मागावा.

हातानं फोकस करणं हे जुनाट किंवा हौशी लोकांचं काम, असा समज असेल तर तो सिनेमानं कधीच खोटा ठरवलाय. महागड्या सिनेमा-लेन्सांत आजही बहुधा मोटर नसते. रिंगवर दाते असतात आणि ती फिरवायला फोकस पुलर नावाचा स्वतंत्र माणूस असतो. नट कधी थांबेल, कधी वळेल, हे यंत्राआधी त्याला कळतं. जेऊरच्या नागराज मंजुळ्यांनी २०१६ चा ‘सैराट’ बराचसा याच तालुक्यात चित्रित केला, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्यानं. पडद्यावर आपण पोरं धावताना पाहतो. असल्या दृश्यात धावणाऱ्याच्या डोळ्यांवर स्पष्टता टिकवायला कुणीतरी अंतराचा अंदाज बांधत रिंग फिरवत असतो, हे प्रेक्षकाला कधी जाणवत नाही. जाणवलं तर तो चुकला.

आणि जिथं हात कमी पडतो, तिथं तो पडतोच. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, केत्तूर-कुगावच्या बाजूला रोहित पक्षी येतात. तीनशे मिलिमीटरची जुनी लेन्स एफ ५.६ वर ठेवून पन्नास मीटरवरच्या थव्यावर फोकस केला, तर स्पष्टतेची खोली नऊ मीटरच्या आसपास मिळते. पाण्यात चोच बुडवून चरणाऱ्या पक्ष्यांसाठी ती रग्गड. थवा उठून तुमच्या दिशेनं आला की ते नऊ मीटर पक्षी डोळ्याचं पातं लवण्याच्या आत ओलांडतो. रिंग त्याच्यामागं धाववण्यात अर्थ नसतो. जुने लोक करायचे तेच करावं लागतं: पाण्यातली एखादी बाभळीची वाळकी फांदी हेरायची, तिच्यावर फोकस लावून ठेवायचा, बोट बटणावर ठेवायचं आणि थवा फांदीशी येण्याच्या किंचित आधी दाबायचं. दहा फोटोंतले आठ वाया जातात. ज्याला ते परवडत नाही, त्यानं पक्ष्यांसाठी सरळ नवी मोटरवाली लेन्स घ्यावी आणि हेलिओस विहिरीकडं न्यावी.